कमी खर्चातली एकउतारी शेड: मापं, पाया, सांगाडा, पत्रे

शिवारवाट

घराच्या मागच्या भिंतीला लागून साधारण १० × २० फुटांची एकउतारी शेड घालायची आहे. निम्म्या भागात चारा आणि अवजारं, निम्म्यात दोन जनावरं. घराची भिंत दगड-मातीची आहे, वरून सिमेंटचा गिलावा. शेडची समोरची लांब बाजू उघडीच राहील. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि ड्रिल हाताशी आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पत्र्याची वरची बाजू घराच्या भिंतीत अडकवावी की मागेही खांब उभे करावेत? खांब काँक्रीटमध्ये पुरावेत की प्लेटवर उभे करावेत? आणि खर्च नेमका कुठे कमी करता येतो, कुठे करू नये?

ओळंबा

आधी मापाचं बोलू, कारण सर्वात मोठी बचत कागदावरच होते. १० × २० हे माप बोलायला सोपं आहे, पण पत्रा आणि पाइप त्या मापात बसत नाहीत. पत्रा आधी ठरवा आणि शेड त्याच्या मापात बसवा.

१२ फुटी पत्रा घ्या. उतार सहास एक, म्हणजे ६ फुटांना १ फूट. समोरच्या खांबापासून भिंतीपर्यंत ११ फूट ठेवले तर चढ २२ इंच येतो आणि तिरकी लांबी सुमारे १३४ इंच. पत्रा १४४ इंचांचा. भिंतीपाशी २ इंच फट सोडली की समोर १२ इंच पत्रा बाहेर राहतो. पागोळ्या खांबावर पडू नयेत एवढं ते पुरेसं आहे. त्याहून जास्त बाहेर काढला तर आधाराविना लोंबणारं टोक वाऱ्यात फडफडतं आणि पहिल्या रांगेतले स्क्रू ढिले होतात.

आता लांबी. रंगीत प्रोफाइल पत्रा (उंचवटे आणि सपाट खळगे असलेला) साधारण १ मीटर जागा झाकतो. सात पत्र्यांत ७ मीटर, म्हणजे जवळपास २३ फूट. दोन्ही टोकांना ६-६ इंच बाहेर सोडले तर सांगाडा २२ फुटांचा होतो. २० फुटांची शेड केली तरी पत्रे सातच लागतात, म्हणून २२ घ्या. पत्रा नालीदार असेल तर तो झाकतो ती रुंदी वेगळी असते. विकत घेण्याआधी दोन पत्रे एकमेकांवर ठेवून टेप लावा.

२२ फुटांचे तीन गाळे करा, प्रत्येकी ७ फूट ४ इंच. समोर चार खांब, मागे चार.

मागे खांब हवेतच. दगड-मातीच्या भिंतीवर छपराचा भार टाकायचा नाही आणि वाऱ्याची ओढ तर मुळीच नाही. अँकर बोल्ट गिलाव्यात आणि मातीच्या सांध्यात धरतच नाही, दगडासकट बाहेर येतो. भिंत सिमेंटमध्ये बांधलेल्या पक्क्या विटांची असती तर विचार करता आला असता. पण मागचे खांब भिंतीला चिकटवू नका. दीड फूट पुढे घ्या आणि वासे तेवढेच मागे बाहेर काढा. खड्डा भिंतीच्या पायाखाली जाता कामा नये. भिंतीकडचे खड्डे एका वेळी एकच खणा आणि त्याच दिवशी भरा.

सूत धरताना खांबांच्या मध्यांमधलं माप ९ फूट ६ इंच × २२ फूट. दोन्ही कर्ण २३ फूट साडेअकरा इंच आले पाहिजेत. नुसत्या गुण्यावर (काटकोनी पट्टीवर) विसंबू नका. २२ फुटांत गुण्याची सूतभर चूकसुद्धा शेवटच्या पत्र्यापर्यंत दीड-दोन इंचांची होते.

वासेकरी

खर्चाच्या प्रश्नाचं उत्तर वाऱ्यात आहे. अशी शेड क्वचितच खाली बसते. ती उडते. त्यामुळे छप्पर किती वजन पेलेल यापेक्षा त्याला खाली कोण धरून ठेवणार, हे आधी पाहावं लागतं.

ढोबळ हिशेब असा. वाऱ्याचा दाब न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये काढायचा तर ०.६ ला वेगाच्या वर्गाने गुणायचं, वेग मीटर प्रति सेकंदात. ताशी १४० किमी म्हणजे सुमारे ३९ मीटर प्रति सेकंद. दाब येतो ९१२ न्यूटनच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ९३ किलो. समोरून उघड्या शेडमध्ये वारा आत शिरून छपराला खालून ढकलतो आणि वरून जाणारा वारा त्याला ओढतो. दोन्ही मिळून जवळपास हा पूर्ण दाब वरच्या दिशेने लागतो असं धरावं.

तुमचं छप्पर १२ × २३ फूट, म्हणजे २५.६ चौरस मीटर. उचलणारा जोर सुमारे २,३८० किलो. पत्रे आणि लोखंड मिळून सगळ्या सांगाड्याचं वजन भरतं साडेतीनशे ते चारशे किलो. उरलेले जवळपास दोन टन आठ खड्ड्यांनी धरायचे. मधल्या खांबांवर कोपऱ्यापेक्षा जास्त भाग येतो, तिथे प्रत्येकी सव्वातीनशे ते साडेतीनशे किलो धरा. दीड × दीड × अडीच फुटांच्या खड्ड्यातलं काँक्रीट सुमारे ३८० किलोचं असतं. म्हणून हे माप. एक फुटाचा खड्डा आणि दोन पाट्या काँक्रीट हे वजन उभ्या भारासाठी पुरतं, ओढीसाठी नाही.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे विसरू नका.

तेव्हा खड्डा, बोल्ट, खांब-वासा जोड, वासा-पर्लिन जोड (पर्लिन म्हणजे वाशांवरचे आडवे पाइप, ज्यांवर पत्रा बसतो) आणि पत्र्याचे स्क्रू या पाच ठिकाणी कसर करू नका. यातली सर्वात कमजोर जागा जेवढं धरेल तेवढंच सगळं छप्पर धरतं. वाचवायचं ते फरशीत, बाजूंच्या भिंतींत, दारात. ती कामं नंतर हळूहळू करता येतात.

शिवारवाट

हिशेब कळला, आभार. पण एवढ्या खड्ड्याला सिमेंट किती लागेल? आणि दगड टाकून काँक्रीट वाचवता येईल का? दगड भरपूर आहे.

ओळंबा

एक खड्डा ५.६ घनफूट. एकास दोन चार (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाला खड्ड्यामागे जवळपास एक गोणी सिमेंट जाते. आठ खड्ड्यांना ८ गोण्या, वाळू २० घनफूट, खडी ४० घनफूट. एका गोणीला अडीच घनफूट वाळू, पाच घनफूट खडी आणि पाणी ३० लिटरच्या आत. वाळू ओली असेल तर पाणी आणखी कमी. गडी पाणी वाढवतात कारण कालवायला सोपं जातं, आणि काँक्रीटची निम्मी ताकद तिथेच जाते.

दगड टाकता येतो. एकूण आकारमानाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत टाका. दगड धुतलेला आणि ओला हवा, मातीचा लेप असलेला नको. दोन दगडांमध्ये आणि दगड व खड्ड्याची बाजू यांच्यात किमान २ इंच काँक्रीट राहिलं पाहिजे. बोल्ट जिथे येतात त्या वरच्या दीड फुटात दगड नको. नुसते दगड रचून वरून पातळ मिश्रण ओतणं चालत नाही, खाली पोकळ राहतं.

खड्डा तळाशी चार-सहा इंच रुंद खणला तर ओढीला आणखी चांगला धरतो, कारण वरची माती त्या रुंद भागावर बसते. भुसभुशीत भरावाची जमीन असेल तर भराव संपून मूळ जमीन लागेपर्यंत खाली जा. काळ्या, भेगाळणाऱ्या मातीत अडीच फूट कमी पडतो, तिथे मुरूम लागेपर्यंत खणावं.

सात दिवस ओली पोती टाकून पाणी मारा. खांब त्याआधी उभे करू नका.

नांगरफाळ

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. पाइप थेट काँक्रीटमध्ये पुरणं स्वस्त आणि झटपट असतं, पण तो जमिनीलगतच्या चार इंचांत सडतो. तिथे ओल आणि हवा दोन्ही एकत्र मिळतात. वरून उघडा राहिलेला पाइप असेल तर पाणी आत साचून आतूनही गंजतो आणि बाहेरून काही दिसत नाही. पुरायचाच असेल तर काँक्रीट जमिनीच्या वर ६ इंच आणा, माथ्याला चहूकडे उतार द्या, पाइपचं वरचं तोंड पट्टीने बंद करा आणि पुरलेल्या भागाला एक सळई आडवी वेल्ड करा, म्हणजे पाइप काँक्रीटमधून निसटणार नाही.

तुमच्याकडे मशीन आहे, तेव्हा प्लेटच करा. ८ × ८ इंच, ८ मिमी जाडीची प्लेट, त्यात १२ मिमीचे चार एल-बोल्ट, दीड फूट लांब. प्लायवूडच्या तुकड्याला चार भोकं पाडून साचा बनवा आणि बोल्ट त्यात अडकवूनच काँक्रीटमध्ये सोडा. हातानं सोडलेले बोल्ट थोडे तरी सरकतात आणि मग प्लेटची भोकं गॅसने वाढवत बसावं लागतं. आटे काँक्रीट ओतण्याआधी चिकटपट्टीने गुंडाळा. खांब ओळंब्यात आला की प्लेटखालची फट एकास दोन सिमेंट-वाळूने ठासून भरा. नुसत्या नटांवर प्लेट अधांतरी ठेवू नका.

जनावरांच्या बाजूचे पाये फरशीच्या वर किमान ९ इंच आणा. मूत्रातला अमोनिया जस्ताचा थर खातो. प्लेट फरशीच्या पातळीला असेल तर तिथूनच गंज सुरू होतो. तेवढा खांब आखूड कापायचा, एवढंच.

वासेकरी

लोखंडाची यादी. पाइप २० फुटी धरले आहेत.

खांब: ६० × ६० चौकोनी, ३ मिमी. समोर उंची ७ फूट ६ इंच, मागे ९ फूट १ इंच. एका पाइपात समोरचा आणि मागचा अशी जोडी निघते आणि ४१ इंच उरतात. त्यातून २०-२० इंचांचे दोन तिरके आधार निघतात, दोन्ही खांबांच्या माथ्याला एकेक. चार पाइपांत खांबांचं काम होतं आणि तुकडा वाया जात नाही.

वासे: ८० × ४०, अडीच मिमी, प्रत्येकी ११ फूट ३ इंच. तीन पाइपांतून तीन अखंड वासे आणि ८ फूट ९ इंचांचे तीन तुकडे मिळतात. चौथा वासा ८ फूट ९ इंच अधिक अडीच फूट असा जोडा. अडीच फुटांचा भाग भिंतीच्या बाजूला घ्या, म्हणजे जोड मागच्या खांबाच्या फूटभर आत येतो. तिथे वाक कमी असतो. आत फूटभर लांबीचा घट्ट तुकडा सरकवून चारही बाजूंनी वेल्ड करा. जोड गाळ्याच्या मध्यावर कधीच नको.

पर्लिन: ५० × २५, २ मिमी, चार रांगा, साधारण ३ फूट ७ इंचांवर. सहा पाइप लागतात. सांधे वाशाच्या डोक्यावर येतील असे कापा आणि शेजारच्या दोन रांगांचे सांधे एकाच वाशावर आणू नका.

पर्लिन उभी ठेवा, म्हणजे ५० ची बाजू उभी. आडवी ठेवली की तिचा ताठपणा तिसऱ्या हिश्श्यावर येतो. वेल्डरला आडवी बसवायला सोपी जाते, म्हणून बऱ्याच शेड्समध्ये तशीच दिसते आणि मध्ये झोळ पडलेला असतो. ५० × २५ उभी पर्लिन ही ४० × ४० चौकोनी पाइपपेक्षा हलकी असूनही जास्त ताठ असते. गाळा १० फुटांचा केला तर मात्र ती पुरणार नाही, ६० × ४० लागेल.

वेल्ड पूर्ण मारा. नुसते टाके वाऱ्याच्या झटक्यांनी एकेक करून तुटतात. २ मिमी पाइपला अडीच मिमीचा रॉड आणि ६० ते ८० अँपिअर. त्याहून जास्त ठेवलं तर भोक पडतं. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपला वेल्ड करण्याआधी जोडाजवळचा इंचभर मुलामा घासून काढा आणि धूर अंगावर येणार नाही अशा बाजूने उभे राहा. जस्ताच्या धुराने ताप येतो. जोड थंड झाल्यावर खपली ठोकून काढून झिंक प्रायमर लावा. खपलीवर लावलेला रंग खपलीबरोबरच निघतो.

बांबूबन

लोखंडाऐवजी वासे आणि पर्लिन बांबूचे केले तर खर्च बराच उतरतो. खांब मात्र लोखंडीच ठेवा. बांबू तीन-चार वर्षांचा पक्का हवा. कोवळा सुकताना चिरतो आणि त्यात पिष्ट जास्त असल्याने भुंगा आधी लागतो. बोरिक ॲसिड एक भाग आणि बोरॅक्स दीड भाग, पाण्यात एकूण ५ टक्के. पेरांच्या आतल्या पडद्यांना सळईने भोक पाडून बांबू आठवडाभर द्रावणात पूर्ण बुडवा, मग सावलीत सुकवा. हे मीठ पावसाने धुऊन जातं, त्यामुळे असा बांबू छपराखालीच चालतो.

खिळा मारू नका, चीर जाते. ड्रिलने भोक पाडून बोल्ट घाला, शक्यतो पेराजवळ, आणि बोल्ट जातो त्या पोकळीत सिमेंट-वाळू भरा. नाहीतर आवळताना बांबू चेपतो.

वासेकरी

पटतं. पण पर्लिन बांबूची असेल तर स्क्रू तिच्यात धरणार नाही, पत्रा जे-हुकाने पर्लिनला कवेत घेऊन आवळावा लागेल. तेवढं केलं तर बांबू चांगलाच.

शिवारवाट

लोखंडीच करतो. पत्रे बसवताना काय पाहायचं? आणि भिंत आणि पत्रा यांच्यातल्या फटीचं काय?

पन्हाळ

पत्रा ०.५ मिमीचा घ्या, मुलाम्यासह जाडी की मुलाम्याशिवाय ते विचारून. ३ फूट ७ इंच अंतरावर त्याहून पातळ घेतला तर दुरुस्तीला वर चढणाऱ्याच्या पायाखाली चेपतो. पातळच घ्यायचा असेल तर पर्लिनच्या पाच रांगा करा.

सुरुवात वारा-पाऊस येतो त्याच्या विरुद्ध टोकापासून, म्हणजे प्रत्येक सांध्याचं तोंड वाऱ्यापासून दूर राहतं. प्रोफाइल पत्र्याच्या एका कडेच्या उंचवट्याला बारीक खोबण असते, ती कड खाली जाते. उलट बसवलं तर सांध्यात चढलेलं पाणी आत उतरतं. पहिला पत्रा दोरीला गुण्यात घ्या, नंतर दुरुस्त करता येत नाही.

स्क्रू उंचवट्यावर मारा. खळग्यात मारलेला स्क्रू जास्त घट्ट धरतो हे खरं, पण छपरावर त्याचा वॉशर सतत पाण्यात राहतो. बाजूच्या उभ्या पत्र्यांना खळग्यात मारा, तिथे पाणी थांबत नाही. पहिल्या आणि शेवटच्या पर्लिनवर तसंच दोन्ही टोकांच्या पत्र्यांवर प्रत्येक उंचवट्याला स्क्रू, मधल्या दोन रांगांवर एक सोडून एक. कडांवरच वाऱ्याची ओढ सर्वात जास्त असते. दोन पत्र्यांच्या सांध्याला दर दीड फुटाला एक छोटा स्क्रू, पत्र्याला पत्रा जोडणारा. स्क्रूची लांबी उंचवट्याच्या उंचीपेक्षा किमान १ इंच जास्त असावी.

आवळताना रबरी वॉशर धातूच्या चकतीच्या कडेपर्यंत किंचित फुगला की थांबा. रबर बाहेर पसरला म्हणजे जास्त झालं, तो दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतो. वॉशर नुसता फिरत असेल तर कमी. ड्रिलला क्लच असेल तर तो लावा.

पत्रा ग्राइंडरने कापू नका. ठिणग्यांनी कडेचा मुलामा जळतो आणि उडालेले कण जिथे चिकटतात तिथे गंजाचे ठिपके उठतात. कात्री वापरा. ड्रिलचा कीस त्याच दिवशी झाडून काढा.

भिंतीची फट: गिलाव्यात आणि दगडात इंचभर खोल आडवी खाच पाडा, पत्र्याच्या पातळीच्या ६ इंच वर. १५ इंच रुंद साध्या पत्र्याची पट्टी वाकवून तिची वरची कड खाचेत घाला, खालची बाजू छपराच्या पत्र्यावर किमान ८ इंच आली पाहिजे. खाच सिमेंटने भरा, वर सीलंट. पट्टी छपराला स्क्रूने जोडू नका. घर आणि शेड वेगवेगळी हलतात. दोन्हीकडे पक्की केली की पट्टी खाचेतून उपटते. पत्र्याच्या वरच्या टोकाचे खळगे पक्कडीने वर वळवा, म्हणजे वाऱ्याने मागे ढकललेलं पाणी अडतं.

आणखी एक. भिंतीपाशी छपराचा माथा जवळपास ९ फूट ९ इंच येतो. घराची वळचण त्याहून खाली असेल तर पत्रा वळचणीच्या खाली सरकवावा लागेल आणि सगळी उंची तेवढी उतरवावी लागेल. खांब कापण्याआधी हे मोजा.

नांगरफाळ

तिरक्या आधारांबरोबर ताण-सळ्या विसरू नका. मागच्या रांगेच्या एका गाळ्यात आणि दोन्ही आखूड बाजूंना १० मिमी सळई फुलीसारखी घाला. समोरची बाजू उघडी ठेवायची असल्याने तिथे फुली देता येणार नाही, म्हणून छपराच्या पातळीतही एका गाळ्यात फुली हवी. तिच्यामुळे समोरचे खांब मागच्या रांगेला बांधले जातात. सांगाडा उभा करताना पहिल्या दोन चौकटींना (समोरचा खांब, मागचा खांब आणि वरचा वासा मिळून एक चौकट) दोर किंवा वासे लावून ताणून ठेवा. पत्रे चढण्याआधी नुसती उभी असलेली चौकट सर्वात धोक्याची असते.

बाजू झाकायच्या असतील तर छपराखाली एक फूट जाळी सोडा. आत शिरलेल्या वाऱ्याला वाट मिळते आणि जनावरांच्या श्वासाची वाफही बाहेर जाते. तीच वाफ रात्री पत्र्याला लागून थेंबांनी चाऱ्यावर पडते आणि चारा बुरसतो. चारा जमिनीपासून ६ इंच उंच फळ्यांवर रचा आणि पत्र्यापासून दोन फूट खाली ठेवा.

ओळंबा

जोतं बाहेरच्या जमिनीपेक्षा ९ इंच उंच. मुरूम ६-६ इंचांच्या थरात, पाणी मारून धुमसाने ठोकायचा. जनावरांच्या भागात ३ ते ४ इंच काँक्रीट, उतार ४० फुटांना १ फूट, मागे नाली. पृष्ठभागावर खराटा ओढून खरखरीत ठेवा, गुळगुळीत फरशीवर जनावर घसरतं. चाऱ्याच्या भागात ठोकलेला मुरूम पुरे. एका मोठ्या जनावराला ४ फूट रुंदी धरा.

जुने सिमेंटचे नालीदार पत्रे कोणी फुकट देत असेल तर ॲस्बेस्टॉस नाही ना हे बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि असतील तर कापू-भोकू नका. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात.

शिवारवाट

पुढेमागे शेड वाढवायची झाली तर?

वासेकरी

लांबीच्या दिशेने वाढवा. समोर वाढवली तर ८ फुटांत आणखी १६ इंच उतार जातो आणि कडेची उंची ६ फूट २ इंचांवर येते, डोकं आपटेल. ज्या टोकाला वाढवायचं त्या चौकटीवर पूर्ण गाळ्याचा भार येणार हे धरून तिथला पाया मधल्या खांबासारखाच करा, कोपरा म्हणून लहान करू नका. पर्लिनची टोकं पट्टीने बंद करा, पण सहा इंच बाहेर राहू द्या, त्यालाच पुढचा पाइप जोडता येतो. टोकाच्या पत्र्याची खोबणीची कड त्या बाजूला राहील असा क्रम लावता आला तर पुढचा पत्रा जुना न काढता वरून बसतो. वाऱ्याच्या दिशेमुळे ते जमत नसेल तर शेवटचा एक पत्रा सोडवून पुन्हा बसवायचा.

पन्हाळ

पन्हाळीचं राहिलं. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर. तुमच्या छपरावर ५० मिमी पडला की जवळपास १,२८० लिटर पाणी समोरच्या कडेवरून उतरतं, आणि पन्हाळ नसेल तर ते बरोबर जोत्याच्या पायथ्याशी पडतं. ६ इंची पन्हाळ, दर २ फुटांना आधारपट्टी, २३ फुटांत दीड इंच उतार, खाली ४ इंची पाइप. पन्हाळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा अर्धा इंच खाली ठेवा. पाइप तुंबला तर पाणी बाहेर सांडेल, आत येणार नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा सगळे स्क्रू आणि प्लेटचे नट तपासून घ्या. नवा सांगाडा पहिल्या वर्षीच बसतो आणि नट त्याच वर्षी ढिले होतात.